ससेक्सच्या टेकड्या : सैनिक, लेखक आणि मेंढपाळ

कृष्णाकाठची

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून खडूच्या टेकड्यांची एक लांब रांग आहे, साउथ डाउन्स. विंचेस्टरपासून ईस्टबर्नपर्यंत माथ्यामाथ्याने जाणारी शंभर मैलांची पायवाट आहे आणि २०१० पासून हा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. ब्रायटनचा समुद्र बघायला येणारे आपले लोक या टेकड्या आगगाडीच्या खिडकीतून पाहतात आणि पुढे निघून जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे की इथे उतरा आणि चाला.

माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, कोरेगाव तालुक्यातले शेतकरी. ते या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. राजवाडे आणि दुकानं यांत त्यांचं मन रमत नाही. त्यांना माती हातात घेऊन बघायची असते, पाणी कुठून येतं ते विचारायचं असतं. त्यांच्याबरोबर हिंडताना माझ्या लक्षात आलं की युद्धाच्या खुणा, लेखकांची घरं आणि शेती या इथे तीन वेगळ्या सहली नाहीतच. तिन्ही एकाच शिवारात आहेत. आणि जिथे जाल तिथे खरी गोष्ट असते ती राबणाऱ्या माणसांची, ज्यांची नावं बहुतेक वेळा कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

सुरुवात छत्रीपासून करा. ब्रायटनच्या उत्तरेला पॅचम गावाच्या वर मेंढ्या चरतात त्या माळावर पांढऱ्या संगमरवराची एक घुमटी उभी आहे. तिचं नावच छत्री. गाडी तिथवर जात नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या शरद ऋतूत, हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर पोचल्या. जखमी झालेले हिंदी सैनिक समुद्र ओलांडून ब्रायटनला आणले जाऊ लागले. त्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत इथल्या रुग्णालयांत सुमारे १२ हजार हिंदी सैनिकांवर उपचार झाले. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध रुग्णालय म्हणजे रॉयल पॅव्हिलियन, तो घुमट-मिनारांचा राजवाडा. तिथे वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू आणि मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे होते, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत होत्या. जे दगावले त्यांतल्या मुसलमानांना वोकिंगच्या मशिदीजवळ हॉर्सेल कॉमनवर दफन केलं. हिंदू आणि शीख सैनिकांना या माळावर आणलं, घाट बांधून विधिपूर्वक अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. असे ५३ जण होते.

दहनाच्या जागी तीन मोठ्या शिळा बसवल्या आहेत आणि त्यांच्या डोक्याशी छत्री आहे. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुकाराने केला. १ फेब्रुवारी १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं. पण त्या ५३ जणांची नावं तिथे कुठेच नव्हती. ती कोरली गेली २०१० मध्ये, शेजारी उभारलेल्या एका वेगळ्या स्मारकावर. जवळजवळ शंभर वर्षांनी! मी एकेक नाव मोठ्याने वाचत गेले आणि आप्पा टोपी काढून ऐकत उभे राहिले.

या जागेवर दुसऱ्या महायुद्धाच्याही खुणा उमटल्या. हा सगळा माळ लष्कराने सरावासाठी घेतला होता आणि छत्रीवर गोळ्या लागल्या. पुढे तिची दुरुस्ती झाली. जवळच्या स्टॅनमर गावातल्या लोकांना तर १९४२ मध्ये घरंदारं सोडून जावं लागलं, कारण तिथे रणगाडे आणि तोफांचा सराव होणार होता.

आता मेंढ्यांकडे येते. आप्पांचा पहिला प्रश्न होता, "एवढं गवत आहे, पण ओढा कुठं दिसत नाही, मग जनावरं पाणी कुठं पितात?" खडूच्या जमिनीत पाऊस वरच्यावर मुरून जातो आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून गावं सगळी पायथ्याच्या त्या ओळीत वसलेली आहेत. माथ्यावर मेंढपाळांनी चिखलमाती तुडवून, लिंपून गोल तळी केली. त्यातली बरीच अजून आहेत.

दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच ताडली. जुन्या काळी या मेंढ्या दिवसभर माळावर चरत आणि रात्री खालच्या नांगरटीच्या रानात कोंडत, म्हणजे लेंडीखत जागच्या जागी पडे. विणलेल्या फांद्यांची हलवता येणारी कुंपणं रोज पुढे सरकवायची आणि असं करत पूर्ण रान खतवायचं. खडूची पातळ माती या खतावरच गहू द्यायची. मी हे वाचून दाखवत होते तेवढ्यात आप्पा म्हणाले, "म्हंजे रानात मेंढरं बसवायची. धनगर वाघर लावतो, ह्यांनी कूड लावला." आमच्याकडे अजूनही धनगर वाड्याला धान्य देऊन मेंढ्या बसवून घेतात. इथे रासायनिक खतं आली आणि ती पद्धत मोडली.

ग्लाइंड गावात जॉन एलमन (१७५३-१८३२) या शेतकऱ्याने निवड करत करत साउथडाउन जातीची मेंढी घडवली. बुटकी, गुबगुबीत आणि बारीक लोकरीची. ही जात पुढे जगभर गेली. मेंढपाळांची आकडी, म्हणजे मेंढी धरायची टोकाला लोखंडी आकडा असलेली काठी, मात्र पायकूम गावची. छत्रीपासून हे गाव जवळ आहे. तिथल्या लोहाराच्या आकड्यांना दूरदूरून मागणी असायची, आणि जुन्या बंदुकांच्या नळ्यांचं लोखंड त्याला सगळ्यात चांगलं, असं सांगतात. चर्चचं फाटक मधल्या खुंटावर फिरतं आणि त्याला कडी म्हणून ती आकडीच आहे.

आता लेखक-कलावंतांकडे. ग्लाइंड आणि बेरिक या स्टेशनांच्या मध्ये चार्ल्सटन नावाचं शेतघर आहे. चित्रकार व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट १९१६ च्या ऑक्टोबरात इथे राहायला आले. दारं, कपाटं, शेकोटीच्या भिंती, सगळीकडे त्यांनी रंगकाम केलं, आणि लोक ते बघायला येतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या इथे येण्याचं कारण. त्या वर्षी इंग्लंडमध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. ग्रँट आणि लेखक डेव्हिड गार्नेट यांनी शस्त्र धरायला नकार दिला होता. अशांना 'राष्ट्रीय महत्त्वाचं काम' करावं लागे, आणि शेतमजुरी हे तसं काम मानलं जाई. म्हणजे हे कलेचं घर मुळात शेजारच्या शेतावर राबता यावं म्हणून घेतलेलं होतं. याच घरात १९१९ च्या उन्हाळ्यात अर्थतज्ज्ञ केन्स व्हर्साय तहाचे परिणाम काय होतील यावरचं त्यांचं पुस्तक लिहीत बसले होते.

तिथून चालत बेरिकच्या छोट्या चर्चपर्यंत जा. माझ्या मते या सगळ्या भागात एकच जागा बघायला वेळ असेल तर ती ही. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत बिशप जॉर्ज बेल यांनी ग्रँट, व्हनेसा आणि व्हनेसाचा मुलगा क्वेंटिन यांच्याकडून या चर्चच्या भिंतींसाठी चित्रं करून घेतली. १९४३ मध्ये ती अर्पण झाली. येशूच्या जन्माच्या चित्रात मागे दिसतो तो इथलाच डोंगर, मेंढपाळ या शिवारातले, हातात पायकूमची आकडी. कमानीवर गुडघे टेकलेले एक सैनिक, एक खलाशी, एक वैमानिक. तेही आसपासचेच तरुण. त्यातला सैनिक पुढच्याच वर्षी नॉर्मंडीत मारला गेला. युद्ध, कला आणि शेती एका भिंतीवर आहेत, आणि भिंतीवर आहेत ती गावातली साधी माणसं.

लुईसजवळच्या रॉडमेल गावात लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि तिचा नवरा लेनर्ड यांचं मंक्स हाउस आहे. १९१९ मध्ये त्यांनी ते ७०० पौंडांना घेतलं. बागेच्या टोकाला तिची लिहायची खोली आहे आणि समोर ऊज नदीचं खोरं. १९४० मध्ये लढाऊ विमानं या घराच्या डोक्यावरून जात होती. नोव्हेंबरात बॉम्बने नदीचा बांध फुटला आणि कुरणं पाण्याखाली गेली. लेनर्ड ज्यू. जर्मन फौजा उतरल्या तर काय होईल हे दोघांना स्वच्छ माहीत होतं. त्यांनी तशा वेळी जीव द्यायची तयारी ठेवली होती. मार्च १९४१ मध्ये व्हर्जिनियाने याच नदीत आत्महत्या केली. हे सगळं माहीत असूनही ती गावातल्या महिला मंडळाची खजिनदार होती, हे वाचून मला तिच्याबद्दल जास्त आपुलकी वाटली.

तुम्ही या भागात कुठे कुठे गेलात? विशेषतः शेतीशी जोडलेल्या जागा सांगा, आप्पा पुढच्या वर्षी परत येणार आहेत.

---

जुनी वही

फार सुंदर धागा. पण 'जंगल बुक' लिहिणारा किपलिंग कसा राहिला? बर्वॉश गावाजवळचं बेटमन्स हे त्याचं घर याच ससेक्स परगण्यात आहे. टेकड्यांच्या उत्तरेला वील्ड नावाचा चिकणमातीचा, झाडीचा प्रदेश आहे, त्यात. १६३४ सालचं दगडी घर. किपलिंगने १९०२ मध्ये घेतलं आणि १९३६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. जन्म आपल्या मुंबईतला, १८६५, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. त्याचे वडील तिथे शिकवत.

मी इंजिनिअर, त्यामुळे मला घरापेक्षा पाणचक्की जास्त आवडली. डडवेल नावाचा ओढा बागेतून जातो. घर घेतल्यावर लगेच किपलिंगने चक्कीच्या पाण्यावर टर्बाइन बसवून घरात वीज आणली. सल्ला दिला होता सर विल्यम विलकॉक्स यांनी, ज्यांनी नाईलवरच्या पहिल्या आस्वान धरणाचा आराखडा केला. एवढा मोठा माणूस आणि एवढासा ओढा!

तुमच्या मूळ मुद्द्याला धरून एक सांगतो. किपलिंगने आजूबाजूची शेतं विकत घेतली, गाई पाळल्या, पण शेती त्याला कधी फळली असं दिसत नाही. त्याने त्या जमिनीवर कथा-कविता लिहिल्या. त्यांत हॉब्डन नावाचा एक शेतमजूर आहे. रोमन आले, नॉर्मन आले, मालक बदलत गेले, पण ओढ्याचं काय करायचं हे दर वेळी हॉब्डनलाच विचारावं लागतं. जमिनीचा कागद मालकाकडे, जमिनीचं ज्ञान हॉब्डनकडे. तुमच्या आप्पांना हा हॉब्डन नक्की पटेल.

आणि युद्ध. त्याचा मुलगा जॉन. दृष्टी अधू म्हणून भरतीत नाकारला गेला होता, बापाने ओळख लावून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घातलं. फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत २७ सप्टेंबर १९१५ ला बेपत्ता झाला, वय १८. बेटमन्समध्ये त्याची खोली दाखवतात. पुढे किपलिंगने युद्धकबरींच्या आयोगासाठी काम केलं. ज्यांची ओळख पटली नाही अशा सैनिकांच्या कबरीवर 'देवाला ठाऊक असलेला' या अर्थाचे जे शब्द असतात ते त्याने दिलेले आहेत.

---

रानभैरी

धागा आवडला, किपलिंगबद्दल मात्र मला बोलायचं आहे. जालियनवाला बागेनंतर डायरसाठी इंग्लंडात वर्गणी गोळा झाली, तिला या गृहस्थाने पैसे दिले. मुलगा गेल्याचं दुःख खरं असेल, पण त्याच युद्धात आपले किती मुलगे गेले! त्याच्या घराला तिकीट काढून जायला माझं मन होत नाही.

आणि ब्रायटनच्या रुग्णालयांचंही चित्र फार गोड रंगवू नये. पॅव्हिलियन हा दाखवायचा भाग होता, त्याचे फोटो हिंदुस्थानात वाटले. सगळ्यात मोठं रुग्णालय होतं किचनर, अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहाच्या इमारतीत. तिथे भोवती काटेरी तारा आणि पहारे होते, सैनिकांना शहरात मोकळेपणी जाऊ देत नसत. त्या कोंडीचा निषेध म्हणून जगू गोडबोले या सब-असिस्टंट सर्जनने तिथल्या मुख्य अधिकाऱ्यावर, कर्नल सीटनवर, गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. कोर्ट मार्शल होऊन सात वर्षांची शिक्षा झाली. आडनाव आपल्या ओळखीचं आहे. महाराष्ट्रात हे नाव किती जणांनी ऐकलंय?

---

कृष्णाकाठची

रानभैरी, गोडबोल्यांचा उल्लेख केलात हे फार बरं झालं. ती इमारत पुढे ब्रायटन जनरल हॉस्पिटल झाली आणि अजून टेकडीवर उभी आहे. पॅव्हिलियनमध्ये जाणाऱ्यांनी तिकडेही एक फेरी मारावी.

किपलिंगबद्दल तुमचा राग मला रास्त वाटतो आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. तरी मी बेटमन्सला जाईन, पुन्हा जाईन. ज्या आठवड्यात जॉन लूसला हरवला त्याच आठवड्यात, २५ सप्टेंबरला, तिथून थोड्याच मैलांवर मेरठ डिव्हिजनने शत्रूला गुंतवून ठेवण्यासाठी हल्ला केला होता आणि त्यात आपली शेकडो माणसं पडली. जॉनची खोली आज जपलेली आहे. त्या शेकडोंच्या घरी काय राहिलं? हा प्रश्न मला त्या खोलीत उभं राहिल्यावर जेवढा टोचला तेवढा कुठल्या पुस्तकात टोचला नव्हता. म्हणून जायचं.

---

दर्याकिनारी

ब्रायटनचा विषय निघाला आणि सावरकर आले नाहीत असं कसं होईल? 'सागरा प्राण तळमळला' ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं, १९०९ साली. साहित्याचा वारसा म्हणताना मराठी माणसाला आधी तो किनारा आठवतो. मी तिथे उभा राहून पूर्ण कविता म्हटली आहे. आजूबाजूचे लोक बघत होते, बघू देत.

आणि विचार करा, त्यानंतर पाचच वर्षांनी त्याच गावात जखमी हिंदी शिपाई खिडकीतून तोच समुद्र बघत पडले होते. घरची ओढ तीच.

---

खडकीकर

माझे आजोबा, पणजोबा दोघेही बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मराठे म्हटलं की पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आठवतो आणि ते बरोबरच आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात होत्या. वेढा डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. उपासमार, मग कैद, कैदेत मृत्यू. पण फ्रान्सच्या आघाडीवर आपलं कुणीच नव्हतं असं नाही. खडकीला मुख्यालय असलेल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर गेल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गावावर ४७ व्या शिखांबरोबर या सॅपर्सनी पायदळ म्हणून हल्ला चढवला. हे लोक मुळात पूल बांधणारे, सुरुंग लावणारे. गावातल्या गल्ल्यांमधून घराघरांतून लढले, गाव घेतलं आणि मागून कुमक न आल्यामुळे पुन्हा सोडावं लागलं. हानी जबर झाली. या कंपन्यांत मराठे, शीख, मुसलमान असे सगळे होते.

कृष्णाकाठच्या ताई, तुम्ही सातारा जिल्ह्याच्या, म्हणून विचारतो. अपशिंगे मिलिटरी गावाला गेला असालच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले, गावात स्मारक आहे. आणि आपल्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, इतके परत आले नाहीत. फक्त आकडे असतात, नावं नसतात! छत्रीला ९० वर्षांनी का होईना, नावं मिळाली. आपल्या चावडीवरच्या पाट्यांना ती कधी मिळणार? नावं शोधणं अवघड नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत आणि त्यांत सैनिकाच्या बापाचं नाव, गाव, तालुका बरेचदा असतं.

---

कृष्णाकाठची

खडकीकर दादा, अशी पाटी आमच्या शेजारच्या गावात आहे. आप्पांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी लगेच फोन करून तिथल्या सरपंचांना पाटीचा फोटो पाठवायला सांगितलं आहे. आयोगाच्या नोंदींत गावाचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने असतं, ते कसं शोधायचं यावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? खूप जणांना उपयोग होईल.

---

तलाठी सज्जा

मी महसूल खात्यातून निवृत्त. मला वेगळाच प्रश्न पडला आहे. युद्धकाळात यांनी शेतीचं नियोजन कसं केलं? आणि त्याचे कागद आहेत का? मालक कोण, कूळ कोण, पीक काय, अशी काही पाहणी?

---

टिपणवही

तलाठी काका, आहेत, आणि तुम्हाला ते बघताना फार आनंद होईल.

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग बाहेरून आणत असे. पाणबुड्या जहाजं बुडवणार हे उघड होतं. म्हणून १९३९ मध्येच कुरण मोडून नांगरणाऱ्याला एकरी दोन पौंड अनुदान जाहीर झालं, आणि युद्ध सुरू होताच प्रत्येक परगण्यात एक युद्ध-कृषी समिती बसली. लोक तिला नुसतं 'वॉर अ‍ॅग' म्हणत. कुणी कुठल्या शेतात काय पेरायचं ते ही समिती सांगे, ट्रॅक्टर पुरवी, आणि शेतकरी ऐकत नसेल किंवा त्याला जमत नसेल तर जमीन ताब्यातही घेई. साउथ डाउन्सचा शेकडो वर्षांचा गवताळ माळ मोठ्या प्रमाणावर नांगराखाली गेला तो तेव्हापासून. युद्ध संपल्यावरही अनुदानं चालू राहिली आणि बराचसा माळ पुन्हा गवताकडे वळलाच नाही. मेंढ्यांचे मोठे कळप गेले, त्यांच्याबरोबर मेंढपाळही गेले. आज छत्रीच्या आसपास दिसणारं जुनं गवत उरलेल्या तुकड्यांपैकी आहे, म्हणून त्याला एवढं जपतात.

तुम्ही विचारलेले कागद म्हणजे १९४१ ते १९४३ मधली राष्ट्रीय शेत-पाहणी. इंग्लंड-वेल्समधल्या पाच एकरांवरच्या प्रत्येक शेताची, एकूण सुमारे तीन लाख शेतांची. पिकं, जनावरं, मजूर, पाणी, वीज आहे की नाही, कुंपणं कशी आहेत, तण-उंदीर-ससे किती. सोबत नकाशा. आणि सगळ्यात वादग्रस्त रकाना होता शेतकऱ्याच्या कारभाराला अ, ब किंवा क दर्जा देण्याचा. क असेल तर कारण लिहायचं : म्हातारपण, भांडवलाची कमतरता किंवा 'वैयक्तिक उणिवा'. युद्ध संपल्यावरही बरीच वर्षं हे रकाने लोकांना बघायला दिले नव्हते. आता लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कुणालाही बघता येतात.

राबलं कोण, तर बायका. विमेन्स लँड आर्मी १९३९ च्या जूनमध्ये पुन्हा उभी केली, पुढे तिच्यात ८० हजारांहून जास्त जणी होत्या. शहरातल्या मुली, दुकानांत, सलूनमध्ये काम करणाऱ्या. दूध काढणं, बटाटे, मळणी, उंदीर मारणं, सगळं. शिवाय इटालियन आणि जर्मन युद्धकैदी.

---

तलाठी सज्जा

फारच मोलाची माहिती. 'वैयक्तिक उणिवा' हा रकाना वाचून पोटात गोळा आला. शेजारच्या शेतकऱ्यांनी भरलेल्या समितीने असा शेरा मारायचा आणि तो कागदावर कायमचा राहायचा. गावात भाऊबंदकी असते, तिथे काय झालं असेल याची कल्पना येते. आमच्याकडे पीक पाहणीचा कागद निदान पिकावर बोलतो, माणसावर नाही.

---

पाऊसवेळ

शेतीसाठी जायचंच असेल तर आप्पांना चिचेस्टरच्या उत्तरेला सिंगलटनला न्या. तिथे वील्ड अँड डाउनलँड म्युझियम आहे. पाडली जाणार होती अशी जुनी घरं, गोठे, धान्यकोठारं तुळई-तुळईवर खुणा करून सुटी केली आणि इथे आणून पुन्हा उभी केली. पाणचक्कीवर दळलेलं पीठ विकत मिळतं.

तिथे बे-लीफ नावाचं मध्ययुगीन शेतघर आहे. ते इथे आलं कारण त्याच्या मूळ खोऱ्यात बाऊ बीच नावाचा जलाशय होणार होता. आमचं गाव उजनीत गेलं. पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा आजी काठावर उभी राहून सांगायची की आपला वाडा त्या बाजूला होता. त्यामुळे त्या घराच्या चुलीपाशी मला फार वेळ बसावंसं वाटलं. एक घर तरी कुणीतरी उचलून आणलं!

आप्पांसाठी आणखी एक. ससेक्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बैल नांगराला होते, इंग्लंडच्या बहुतेक भागांत ते कधीच गेले होते तरी. तांबडे, दणकट ससेक्स बैल, एका नांगराला सहा-सहा, आठ-आठ. आणि त्यांच्या खुरांना पत्र्या मारत, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन. पत्र्या मारताना बैल आडवा पाडायचा हेही आपल्यासारखंच.

---

कृष्णाकाठची

पाऊसवेळ, पत्र्यांचं ऐकून आप्पा खुर्चीतून उठलेच. त्यांच्या लहानपणी पत्री मारणारा कसा फास टाकून बैल पाडायचा ते त्यांनी आम्हाला दिवाणखान्यात करून दाखवलं. सिंगलटन नक्की.

काही जणांनी व्यक्तिगत निरोपातून जायचं कसं विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

छत्रीसाठी पॅचमपर्यंत बस मिळते. पुढे चढ आहे, पण सोपा. गुरांची फाटकं असतात ती आपण गेल्यावर आठवणीने लावून घ्यायची, मेंढ्या बाहेर गेल्या तर शेतकऱ्याचा दिवस जातो. कुत्रा असेल तर दोरीला. रॉडमेलला साउथईज स्टेशनवरून नदी ओलांडून चालत जाता येतं आणि ती वाट फार सुरेख आहे. बेरिक स्टेशनवरून चर्च आणि चार्ल्सटन दोन्ही शेतवाटांनी गाठता येतात. चर्चमध्ये दानपेटीत जरूर काहीतरी टाका, चित्रांची निगा महाग असते. बेटमन्सला सगळ्यात जवळचं स्टेशन एचिंगम, पण तिथून अंतर बरंच आहे, गाडी असलेली बरी. बेटमन्स आणि मंक्स हाउस दोन्ही नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची. मंक्स हाउस वर्षभर उघडं नसतं, निघायच्या आधी वेळा बघा.

छत्रीवर दर वर्षी जूनमधल्या एका रविवारी स्मरणाचा कार्यक्रम होतो. १९५१ पासून माजी सैनिकांची संघटना तो करत असे, ते थांबल्यावर २००० पासून स्थानिक लोकांनी पुढे चालू ठेवला. शीख मंडळी मोठ्या संख्येने येतात. मराठी माणसं मला फारशी दिसली नाहीत. पुढच्या जूनमध्ये आपण या धाग्यावरून एक गट करून जाऊ या का? ज्यांना यायचं आहे त्यांनी इथेच लिहा. रेडिंग, स्लाव, क्रॉली या बाजूने येणाऱ्यांच्या गाड्या एकत्र करता येतील.

---

खडकीकर

मी येतो. मिल्टन कीन्सहून, गाडीत तीन जागा आहेत. आणि जुन्या स्पेलिंगचा धागा या शनिवारी काढतो.

---

रानभैरी

मीही येणार. सकाळी छत्री आणि दुपारी किचनर रुग्णालयाची इमारत, असा बेत ठेवा. बेटमन्स तुम्ही लोक बघा, मी त्या वेळेत पायकूमच्या लोहाराची जागा शोधेन.